नातू पडला, रात्री झोपू द्यायचं की नाही?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी कोथरूडला मुलाकडे राहते. मुलगा-सून दोघंही हिंजवडीला नोकरीला, त्यामुळे साडेचार वर्षांचा नातू दिवसभर माझ्याजवळ असतो. गेल्या बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास सोसायटीच्या बागेत तो घसरगुंडीच्या शिडीवरून पडला. वरच्या पायरीवर होता, म्हणजे माझ्या खांद्याएवढी उंची असेल. खाली पेव्हर ब्लॉक. कपाळाची उजवी बाजू आपटली. लगेच मोठ्याने रडला, पाच मिनिटांत शांत झाला, पण लिंबाएवढं टेंगूळ आलं. घरी आणून आंबेहळद-तुरटीचा लेप लावला, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. अर्ध्या तासाने दूध प्यायला ते सगळं उलटून पडलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आज रात्री अजिबात झोपू देऊ नका. म्हणून मी त्याला मोबाइलवर कार्टून लावून दिलं. सून आली तेव्हा पडल्याचं सांगितलं, उलटीचं नाही सांगितलं. ती आधीच घाबरट, त्यात दमून आलेली. साडेअकराला तो पेंगायला आणि किरकिर करायला लागला, सगळे घाबरले, तेव्हा माझ्या तोंडून उलटीचं निघालं. मग घरात जे बोलणं झालं ते लिहीत नाही. हॉस्पिटलात नेलं, तिथे तपासलं, तीन तास ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. सीटी स्कॅन केला नाही. सुनेचं म्हणणं, करायलाच हवा होता. आता तो बरा आहे, पण शुक्रवारी उजवा डोळा सुजून काळानिळा झाला. नेमकं काय बघायचं असतं, आणि किती दिवस? झोपू द्यायचं की नाही? त्याला परत खाली खेळायला नेऊ की नको? माझ्या लेकीची मुलगी सात महिन्यांची आहे, पालथी पडायला लागलीय, तिच्यासाठीही सांगा. आमच्या ह्यांना तर कशाचंच काही नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं त्याला स्कूटरवर पुढे उभं करून शाळेत सोडून आले.

उत्तर : काकू, नमस्कार.

सगळ्यात आधी डोळ्याचं, कारण आत्ता घरात त्याचीच धास्ती असणार. कपाळाला मार लागला की कातडीखाली रक्त साकळतं, तेच टेंगूळ. ते जिरताना रक्त जागच्या जागी राहत नाही, एक-दोन दिवसांत खाली उतरतं, आणि पापणीची कातडी सैल असल्यामुळे तिथे साठतं. म्हणून कपाळ आपटलं बुधवारी आणि डोळा काळानिळा झाला शुक्रवारी. आता तो हिरवट होईल, मग पिवळट, आणि दोनेक आठवड्यांत ओळखूही येणार नाही. त्या डोळ्याने त्याला नीट दिसतंय ना, डोळा सगळीकडे फिरतोय ना, एकाचे दोन दिसत नाहीत ना, एवढं बघा. काळजीचा काळानिळेपणा वेगळा असतो. कपाळाला काही लागलेलं नसताना दोन्ही डोळ्यांभोवती तो येतो, किंवा कानामागच्या हाडावर उमटतो. कवटीच्या तळाला तडा गेला असेल तर असं होतं. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही गळायला लागलं तरी तीच शंका घ्यायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही.

आता झोप. वहिनींनी दिला तो सल्ला घरोघरी दिला जातो आणि त्यामागची भीती खोटी नाही. मूल झोपेतच बेशुद्ध झालं तर कळणार कसं? पण जागरणाने डोक्यातला रक्तस्राव थांबत नाही आणि व्हायचा असेल तर टळतही नाही. उलट आपणच आपली वाट अडवून बसतो. एरवी नऊला झोपणारं, रडून दमलेलं मूल साडेअकरापर्यंत मोबाइलसमोर बसवलं, तर ते पेंगणार, किरकिर करणार, डोकं दुखतंय म्हणणार. आणि नेमक्या याच गोष्टी आपण धोक्याच्या म्हणून शोधत असतो! त्या रात्री त्याची पेंग माराची होती की जागरणाची, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही एका नजरेत सांगता आलं नसणार. मार लागल्यावर रडून रडून मुलं तासभर झोपतात, हे नेहमीचं आहे. झोपू द्यावं. झोपण्याआधी तो नेहमीसारखा होता ना आणि हलवल्यावर नेहमीसारखा जागा होतो ना, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं.

रात्री बघायचं कसं तेही सांगते, कारण "लक्ष ठेवा" एवढंच सांगून आम्ही डॉक्टर मंडळी मोकळी होतो. पहिल्या रात्री त्याला जवळ घेऊन झोपा. मोबाइलवर दर दोन-तीन तासांचा गजर लावा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं अंतर सांगितलं असेल तर ते पाळा. गजर झाला की आधी नुसतं बघा. श्वास एका लयीत आहे का, रंग नेहमीचा आहे का, हातपाय एरवीसारखे टाकून झोपलाय का. मग गालाला हात लावा, नावाने हाक मारा. तो कूस बदलेल, तुमचा हात झटकेल, "आजी, झोपू दे ना" असं काहीतरी पुटपुटेल. झालं, तेवढं पुरे. त्याला उठवून बसवायचं नाही, नाव-गाव विचारत बसायचं नाही. नुसता हूं की चूं नसेल तर मात्र उठवून बसवा, दिवा लावा. तरीही तो नीट जागा होत नसेल, मान टाकत असेल, कुठे आहे तेच कळत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी निघायचं.

रात्रभर डोळ्यांत टॉर्च मारण्याची एक पद्धत पडलीय. तिचा मला राग येतो. बाहुल्या लहान-मोठ्या होणं ही खरंच धोक्याची खूण आहे, पण ती उशिरा येते. त्याच्या आधी मुलाची शुद्ध आणि वागणं बदललेलं असतं. शिवाय टॉर्च मारून मारून मूल रडवलं की बाकीचं काही बघताच येत नाही.

तेव्हा बघायचा तो बदल. तुमचा नातू एरवी कसा चालतो, किती बडबडतो, कशाने चिडतो, रडला तर कशाने गप्प होतो, हे हॉस्पिटलातल्या डॉक्टरला माहीत नसतं, तुम्हाला असतं. आम्ही ही गोष्ट हलक्यात घेत नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलांचा एक फार मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि 2009 साली प्रसिद्ध झाला. शुद्धीवर किंवा जवळपास शुद्धीवर असलेली 42,412 मुलं त्यात होती. दोन वर्षांखालच्या बाळांमध्ये सीटी कुणाचा करायचा हे ठरवताना बघायच्या ज्या मोजक्या गोष्टी त्यातून निघाल्या, त्यातली एक चक्क अशी आहे : आईवडिलांना मूल नेहमीसारखं वाटत नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सुनेला सांगा, तिला धीर येईल. एवढ्या मुलांमध्ये गंभीर म्हणावी अशी मेंदूची इजा निघाली ती हजारात नऊ जणांना, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती हजारात एखाद-दोघांना.

ते एखाद-दोघं हुकू नयेत म्हणून तर ही सगळी राखण. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे फटका बसून हाडाला तडा गेला आणि ती धमनी फाटली, तर हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठायला लागतं. सुरुवातीला मूल रडतं, शांत होतं, खेळतंसुद्धा. घरचे निर्धास्त होतात. मग काही तासांनी डोकं दुखायला लागतं, उलट्या सुरू होतात, गुंगी वाढत जाते. मधला हा चांगला दिसणारा काळच फसवा. म्हणून कपाळाच्या मधोमध बसलेल्या माराइतका कानाच्या वर किंवा मागे बसलेला मार मी सोपा धरत नाही. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर ही मुलं पूर्ण बरी होतात, आणि वेळ पकडायची ती घरच्यांनीच.

आता उलटी. मार लागल्यावर अर्ध्या तासात एक उलटी होणं, तीही रडून रडून दमल्यावर ग्लासभर दूध पाजल्यावर, यात नवल नाही. पहिले दोन तास घोट-घोट पाणी द्यावं आणि मग वरण-भातासारखं हलकं काही. दुसरी उलटी झाली की आपल्या डॉक्टरांना फोन करायचा. तिसरी झाली, किंवा तासन्‌तास बरा असलेला मुलगा अचानक ओकायला लागला, तर थेट हॉस्पिटल. डोकं दुखण्याचंही तसंच. टेंगळाच्या जागी ठणका लागणं वेगळं आणि सगळं डोकं धरून रडणं, तेही वाढत वाढत जाणं, वेगळं. चालताना झोक जाणं, एक हात किंवा पाय लुळा वाटणं, बोबडं किंवा असंबद्ध बोलणं, आपल्या माणसांना न ओळखणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, काही केल्या गप्प न होणं, यातलं काहीही दिसलं तर घरी बसायचं नाही. आणि पडल्यावर थोडा वेळ जरी शुद्ध गेली असेल तर मूल आता हसत असलं तरी दाखवायचंच. पाच फुटांहून जास्त उंचीवरून पडला, गाडीने उडवला, किंवा मुलाला रक्त न गोठण्याचा आजार आहे, तर लक्षणांची वाटच बघायची नाही.

फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा आणि 108 ला फोन लावा. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवणारे कुणी ना कुणी जमतातच, त्यांना तेवढ्या वेळात गेट उघडून ठेवायला पाठवा.

किती दिवस? पहिले चार ते सहा तास सगळ्यात महत्त्वाचे. त्या वेळात कुणीतरी एक मोठं माणूस त्याच्याजवळच हवं. पहिले चोवीस तास बारीक लक्ष, आणि त्यानंतरचा एक दिवस जाता-येता. तुमच्या नातवाचे हे दिवस केव्हाच सरले आहेत. आता फक्त डोकेदुखी रेंगाळते का, झोप बिघडलीय का, विनाकारण चिडचिड आहे का, एवढं दोन-तीन आठवडे ध्यानात असू द्या. तसं काही वाटलं तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यात रात्री धावपळ करण्यासारखं काही नाही.

सीटीबद्दल तुमची सून म्हणते ते मला समजतं. हातात रिपोर्ट असला की जिवाला बरं वाटतं. पण सीटी हा त्या एका क्षणाचा फोटो असतो. पडल्यावर लगेच काढलेला सीटी नॉर्मल आला तरी लक्ष ठेवायचं ते ठेवायचंच. त्यात क्ष-किरण वापरले जातात आणि वाढत्या वयातल्या मुलांना त्यांचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होण्याची शक्यता असते. एका सीटीने आभाळ कोसळत नाही, गरज असेल तिथे मी क्षणाचाही विचार करत नाही. पण चार-पाच वर्षांचं मूल मशीनमध्ये स्थिर पडून राहत नाही, त्याला बरेचदा गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि मग त्याची स्वतःची शुद्ध कशी आहे हे बघण्याचा मार्गच काही वेळ बंद होतो. तुमच्या नातवाची शुद्ध गेली नव्हती, तो लगेच रडला, उंची चारेक फूट, मार कपाळाला, उलटी एकच. अशा मुलाला काही तास समोर ठेवून बघणं हाच योग्य निर्णय होता आणि त्या डॉक्टरांनी तोच घेतला. कवटीचा साधा एक्स-रे काढा म्हणून काही जण आग्रह धरतात. त्यात हाडाचा तडा एखादवेळी दिसतो, आतलं रक्त दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होणं जास्त वाईट.

आता ज्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, तिथे थांबते. उलटीचं सांगितलं नाहीत.

काकू, रागावत नाही, पण या सगळ्या प्रकरणात धोका होता तो इथेच. घसरगुंडी नाही, झोप नाही, लेपही नाही. समजा साडेअकराला तुम्ही गप्पच राहिला असता आणि पहाटे दुसरी उलटी झाली असती, तर सुनेने ती पहिली समजली असती. डॉक्टरांना "एकदाच झाली" असं सांगितलं गेलं असतं. आमचा निम्मा निर्णय या माहितीवर होतो. रात्री दोन वाजता एखादी आई मूल घेऊन समोर येते आणि "केव्हा पडला?" म्हटलं की नवऱ्याकडे बघते, नवरा आईला फोन लावतो, आई म्हणते सांभाळणाऱ्या मावशींना विचारा, आणि मावशी म्हणतात माझ्या वेळेला तर काही झालं नाही. हे दृश्य मला नवीन नाही. कुणी वाईट नसतं. ज्या घरात पडल्याचं सांगणाऱ्याला आधी बोलणी खावी लागतात, त्या घरात पडणं लपवलं जातं, इतकं ते साधं आहे. दहा वर्षांची मुलंसुद्धा सायकलवरून पडल्याचं याच भीतीने सांगत नाहीत. रस्त्यावरच्या अपघातात लोक "पोलीस केस होईल" म्हणून "घरीच पडला" असं ठोकून देतात. आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगून ठेवलंय. तेव्हा खरं सांगून कुणाचा उपचार अडत नाही, खोटं सांगून मात्र चुकू शकतो.

म्हणून हे पत्र सुनेलाही वाचायला द्या. तिला माझं सांगणं : तुम्ही घाबरून बोललात हे सासूबाईंना कळतं, पण पुढच्या वेळी त्यांनी दुपारी चार वाजता फोन करून "पडला, एकदा ओकला" असं सांगावं असं वाटत असेल, तर त्या फोनवर पहिला शब्द "थँक्यू" हवा. मूल सोसायटीत पडणार, शाळेत पडणार, तुमच्या डोळ्यांदेखतही पडणार. आणि काकू, तुम्ही फ्रिजवर एक कागद चिकटवून टाका. पडला की त्यावर वेळ, कुठून, कशावर, डोक्याचा कुठला भाग, लगेच रडला की नाही. मग प्रत्येक उलटी, प्रत्येक औषध, प्रत्येक झोप वेळेसकट. सून आली की कागद तिच्या हातात द्यायचा. हॉस्पिटलात जायची वेळ आलीच तर तोच कागद बरोबर. सांगायला लाज वाटते ते लिहायला सोपं जातं.

औषधांचं पटकन सांगते. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाजारात एकाच सिरपच्या दोन ताकदी मिळतात. 5 मिलिलीटरमध्ये कुठे 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, कुठे 250. बाटली वाचल्याशिवाय चमचा भरू नका. पहिले चोवीस तास आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तापासाठी आणून ठेवलेल्या पुष्कळ सिरपांत ती असतात. मुलांना ॲस्पिरिन तर एरवीही नको. घरात उरलेलं उलटी थांबवायचं औषध आपल्या मनाने देऊ नका, कारण जी खूण आपण मोजतोय तीच पुसली जाते. सर्दीचं सिरपही नको, त्याने गुंगी येते. लेपाने कातडी जळणार नाही, पण सूज वाढतेय का ते पिवळ्या थराखाली दिसत नाही, आणि लावताना टेंगूळ चोळलं जातं. चोळायचं अजिबात नाही. फ्रीजरमधली मटारची पिशवी पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायची, मग थोडं थांबून पुन्हा. मीठ-मोहऱ्यांना माझी हरकत नाही, दोन मिनिटांत होतं आणि आजीचा जीव शांत होतो. मिरच्यांचा धूर तेवढा मुलाच्या नाकाजवळ नको.

हॉस्पिटल कुठलं, हे आजच ठरवून ठेवा. कोपऱ्यावरचा दवाखाना या कामाचा नाही. रात्री-अपरात्री सीटी होईल आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर बोलावता येतील असं ठिकाण हवं. पुण्यात अशी मोठी रुग्णालयं बरीच आहेत, आणि ससून चोवीस तास उघडं असतं. कोथरूडहून जवळचं कोणतं ते मुलाला फोन करून विचारून घ्यायला सांगा. पेंगणारं, ओकणारं मूल दोघांच्या मध्ये स्कूटरवर बसवून नेऊ नका. रिक्षा किंवा गाडी करा, आणि शुद्ध हरपत असेल किंवा मान दुखत असेल तर 108. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः विसर्जनाला, लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर हे चारही रस्ते मिरवणुकीने भरलेले असतात. त्या दिवसांत नदीपलीकडचं हॉस्पिटल मनात धरून चालू नका.

लेकीच्या बाळासाठी हिशेब वेगळा. सात महिन्यांचं बाळ डोकं दुखतंय म्हणून सांगू शकत नाही, म्हणून एक वर्षाच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं तर मी म्हणते एकदा दाखवूनच घ्या, तीन महिन्यांच्या आतलं तर लगेच. मोठ्या पलंगाची उंचीही दोन-अडीच फूट असते आणि या वयात तीन फुटांवरून पडणं गंभीर धरतात. कपाळावरच्या टेंगळापेक्षा डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली मऊ, लिबलिबीत सूज जास्त काळजीची. बाळ शांत असताना टाळू फुगून टणक लागणं, अंगावर नीट न ओढणं, कडेवर घेतल्यावरही रडं न थांबणं, नजर न लावणं, नुसतंच पडून राहणं, यातलं काही असेल तर वाट बघू नये. पालथं पडायला लागलेलं बाळ पलंगाच्या मधोमध ठेवून दोन्हीकडे लोड लावणं हा उपाय नाही. चटईवर, जमिनीवर ठेवा.

आता खाली खेळायला. न्या. डोकेदुखी नाही, झोप-जेवण जागेवर आलंय, तर बागेत फिरणं, वाळूत खेळणं, शाळा, सगळं चालेल. उंचावर चढणं, ट्रॅम्पोलिन, सायकल, मोठ्या मुलांचा फुटबॉल मात्र दोन आठवडे थांबवा आणि डॉक्टरांना एकदा विचारून सुरू करा. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर त्रास रेंगाळतो. मोबाइल-टीव्ही पहिले दोन दिवस जवळपास बंदच ठेवायचा असतो. सध्या ढोल-ताशाचा सराव जिकडेतिकडे चालू आहे. डोकं दुखत असलेल्या मुलाला तो आवाज सहन होत नाही, म्हणून त्याला कौतुकाने नदीपात्रात सराव दाखवायला नेऊ नका, निदान यंदा या महिन्यात. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहून घसरगुंडीखालचे पेव्हर ब्लॉक काढायला लावा. तिथे वाळू किंवा जाड रबरी मॅट हवी. मेंटेनन्सच्या बैठकीत जिमच्या आरशावर तासभर चर्चा करणाऱ्यांना हे जमेल.

राहिले तुमचे "हे". काकू, पेव्हर ब्लॉकवर चार फुटांवरून पडलेल्या मुलाची आपण इतकी चर्चा केली, आणि तोच मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी चालत्या स्कूटरवर पुढे उभा होता. ब्रेक लागला की पुढे उभं असलेलं मूल हँडलवर आपटतं, किंवा त्यावरून पुढे जातं. हेल्मेटवरून आपलं शहर किती वाद घालू शकतं हे मला माहीत आहे, त्यात पडायचं नाही. कायदा तेवढा सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या नातवालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी 2023 पासून वेगळा नियम आहे. हेल्मेट, चालवणाऱ्याला मूल बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. काकांनी नातवाला मागे बसवावं. त्याचे पाय फूटरेस्टला पोहोचत नसतील तर पट्टा लावावा किंवा सरळ शाळेची व्हॅन लावावी. हेल्मेट ऑनलाइन मागवू नका, मुलाला घेऊन दुकानात जा. पट्टा लावून त्याला "नाही, नाही" अशी मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे. डोकं फिरून ते जागेवरच राहिलं तर एक नंबर लहान घ्या.